सेकंदाला ५०० व्यवहार: सर्व्हर कशावर उभा करावा?

मुठाकाठी | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. या विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमची पुण्यातली छोटी कंपनी. शाळा, सोसायट्या आणि सहकारी बँका यांच्यासाठी ऑनलाइन वसुली करतो. फी, मेन्टेनन्स, कर्जाचे हप्ते वगैरे. महिनाभर निवांत असतं, पण पहिल्या आठवड्यात आणि फीच्या शेवटच्या दिवशी रात्री नऊ ते बारा नुसती झुंबड. आजवर एक जावा ॲप्लिकेशन आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस यावर भागलं. आता एक मोठं काम हाताशी आलंय, त्यात सेकंदाला ५०० व्यवहार पेलण्याची अट आहे. यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग सगळं धरून.

ऑफिसात तट पडलेत. नवे आर्किटेक्ट म्हणतात सगळं गो भाषेत परत लिहू, मायक्रोसर्व्हिसेस (एका प्रोग्रामऐवजी बरेच छोटे), ते सांभाळायला कुबरनेटिस, डेटाबेस मोंगो. साहेब म्हणतात नोड (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) घ्या, पोरं पटकन मिळतात. एक सहकारी मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटचा कट्टर. मी जावावाली. ज्यांनी पैशाच्या व्यवहारांचं काम केलंय त्यांनी कृपया सांगा, काय निवडावं आणि का.

खटपट्या | सोमवार, रात्री १०.३१

गो. डोळे झाकून. जावाचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी साफ करणारा) ऐन गर्दीत झाडू मारायला निघतो आणि तुमचे पाचशे व्यवहार दारात ताटकळतात. शिवाय मेमरी किती खातो ते विचारू नका.

आडवा_तिडवा | सोमवार, रात्री १०.४४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. डॉट नेटवाले आले की उठवा.

अक्कलखाते | सोमवार, रात्री ११.२०

खटपट्या, तुमची माहिती जावा ८ च्या काळातली आहे. झेडजीसी हा कलेक्टर जावा १५ पासून प्रॉडक्शनमध्ये वापरता येतो, त्याचे थांबे मिलिसेकंदाच्याही आत असतात. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (कामाचे अगदी हलके धागे) आले, म्हणजे बँकेच्या उत्तराची वाट पाहत बसलेले हजारो थ्रेड ही अडचणसुद्धा बरीचशी संपली. लंडनच्या एलमॅक्स या एक्स्चेंजने तर २०११ च्या सुमाराला जावामध्येच, एका थ्रेडवर, सेकंदाला ६० लाख ऑर्डरी चालवून दाखवल्या होत्या. ५०० साठी भाषेवर भांडणं म्हणजे उगाच वेळ दवडणं.

डॉट नेटचा विषय निघालाच आहे तर लंडन स्टॉक एक्स्चेंजचं सांगतो. २००७ साली त्यांनी ट्रेडइलेक्ट नावाची प्रणाली आणली, डॉट नेट आणि एसक्यूएल सर्व्हरवर. ८ सप्टेंबर २००८ ला, अमेरिकन सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बाजार उसळलेला असताना ती जवळजवळ सात तास बंद पडली. जगभरच्या लिनक्सवाल्यांनी दिवाळी साजरी केली. पुढे एक्स्चेंजने श्रीलंकेची मिलेनियमआयटी ही कंपनीच विकत घेतली, लिनक्सवरची नवी प्रणाली फेब्रुवारी २०११ मध्ये मुख्य बाजारात आणली. आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला ती चार तासांहून जास्त बंद! तेव्हा दिवाळीवाले कुठे गेले होते कोण जाणे.

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ६.५०

अक्कलखाते यांच्याशी सहमत. माझी उमेदीची वर्षं फोर्टात गेली. १९९४ मध्ये एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) सुरू झाली ती स्ट्रॅटसच्या मशीनवर, आणि पुढच्या वर्षी बीएसईचं बोल्ट, म्हणजे पडद्यावरून व्यापाराची प्रणाली, आलं ते टँडेमवर. दोन्ही कंपन्यांचा धंदाच मुळी 'बंद न पडणारं मशीन' विकण्याचा. पण मार्ग वेगळे. स्ट्रॅटसमध्ये प्रत्येक भाग दुहेरी, दोन प्रोसेसर एकच सूचना एकाच वेळी चालवायचे, एक चुकला की तो गप्प बसायचा आणि वरच्या प्रोग्रामला पत्ताही लागायचा नाही. टँडेममध्ये प्रोग्रामचीच जोडी असायची. मुख्य प्रोसेस काम करता करता जोडीदाराला हिशेब कळवत राहायची, ती मेली की जोडीदार तिथून पुढे.

आज तुम्ही लोक साधे सर्व्हर घेता आणि सॉफ्टवेअरने तेच साधता. पण तो 'जोडीदाराला हिशेब कळवण्याचा' भाग कोणाला टळलेला नाही. ताई, तुमचा मुख्य डेटाबेस मेला तर दुसऱ्याकडे शेवटचा व्यवहार पोचलेला असेल का, हे आधी ठरवा. गो की जावा ते नंतर बघू.

डीबीए_ठाणेकर | मंगळवार, सकाळी ९.०५

काकांनी मुद्द्याला हात घातला. लोकलमधून टंकतोय, चुभूद्याघ्या.

मुठाकाठी, तुमच्या लेजरमध्ये (खातेवहीत) संस्थेच्या खात्याची शिल्लक एकाच ओळीत ठेवलीय का? म्हणजे पैसे आले की त्या ओळीत 'शिल्लक = शिल्लक + रक्कम' असं अपडेट? तसं असेल तर घोडं तिथेच पेंड खाणार. फीच्या शेवटच्या रात्री एकाच मोठ्या शाळेचे सगळे पालक त्या एका ओळीवर तुटून पडतात. ओळ बदलताना तिला कुलूप लागतं, ते कमिट होईपर्यंत, म्हणजे बदल पक्का होईपर्यंत, सुटत नाही. कमिटला ५ मिलिसेकंद लागत असतील तर त्या ओळीवर सेकंदाला जास्तीत जास्त २०० व्यवहार. तुम्ही चाळीस ॲप सर्व्हर लावा, गोमध्ये लिहा, असेंब्लीत लिहा, आकडा २०० च. वर दुसऱ्या शहरातल्या डेटाबेसला सिंक्रोनस रेप्लिकेशन (तिकडे नोंद पोचल्याशिवाय कमिट नाही) ठेवलंत आणि जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागले, तर उरले फार तर ५०.

इलाज जुनाच आहे. शिल्लक अपडेट करू नका, लेजरमध्ये फक्त नोंदी घाला, एक जमेची, एक नावेची. शिल्लक ही नोंदींची बेरीज. दर काही सेकंदांनी एक काम ती बेरीज पुढे सरकवेल. जमा करायला कुलूप लागतच नाही. खातं नावे टाकताना शिल्लक तपासावी लागते, तिथे मात्र कुलूप घ्या, पण शाळेच्या खात्यातून पैसे दिवसातून एकदा सेटलमेंटला जाणार, त्यामुळे तिथे गर्दी नाही.

आणि रक्कम पैशांत, पूर्णांकात. फ्लोट (दशांशाचा अंदाजी आकडा) दिसला की कोड रिव्ह्यूतच परत पाठवायचा.

मुठाकाठी | मंगळवार, सकाळी ९.४०

हो, एकाच ओळीत आहे. गेल्या जूनमध्ये गर्दीच्या रात्री सीपीयू २० टक्क्यांवर आणि तरी पानं अडकलेली, याचा उलगडा होत नव्हता. सगळे म्हणाले जावा स्लो आहे.

डीबीए_ठाणेकर | मंगळवार, सकाळी ९.५२

सीपीयू झोपलेला आणि लोक रांगेत, म्हणजे नव्वद टक्के वेळा कुलूप नाहीतर कनेक्शन पूल (डेटाबेसकडे जाणाऱ्या जोडण्यांचा साठा). पुढच्या वेळी पोस्टग्रेसचं पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (आत्ता कोण काय करतंय ते दाखवणारं) उघडा आणि वेट इव्हेंटचा रकाना बघा. 'लॉक' शब्दाने पान भरलेलं दिसेल.

पूलबद्दलही सांगून ठेवतो. जावातल्या हिकारी पूलचा कनेक्शनांचा आकडा मुळात १० असतो, लोक घाबरून तो ५०० करतात. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही स्वतंत्र प्रोसेस. ५०० प्रोसेस १६ कोअरवर मारामारी करतात आणि सगळंच मंदावतं. मधे पीजीबाउन्सर (कनेक्शनं वाटून देणारा) ठेवा, खरी कनेक्शनं मोजकी ठेवा. ठाणे आलं, उतरतो.

खटपट्या | मंगळवार, सकाळी १०.३०

ते ठीक, पण मग मोंगो किंवा कॅसँड्रा डेटाबेस घेतला तर ही कुलपांची कटकटच नाही. आडवं वाढवत न्या, म्हणजे सर्व्हर जोडत जा.

न्यूजर्सीकर | मंगळवार, रात्री ८.१०

कटकट जात नाही, तुमच्या कोडमध्ये राहायला येते. मोंगोमध्ये एकाहून जास्त डॉक्युमेंटचे ट्रान्झॅक्शन २०१८ पासून आहेत, त्यामुळे अगदीच निषिद्ध म्हणणार नाही. पण आर्किटेक्ट 'मोंगो' कशासाठी म्हणतात ते विचारा. स्कीमा (डेटाचा ठरलेला साचा) नको म्हणून असेल तर पैशाच्या कामात स्कीमा, युनिक इंडेक्स, फॉरेन की हे रात्रीचे पहारेकरी आहेत, ते हवेतच.

ब्रिटनची मोंझो बँक, गो आणि कॅसँड्रा. अतिशय हुशार टीम. जुलै २०१९ मध्ये त्यांनी कॅसँड्राच्या क्लस्टरमध्ये नवे सर्व्हर जोडले आणि एका सेटिंगमुळे ते सर्व्हर, डेटा अजून हातात आलेला नसतानाच, वाचनाला उत्तरं द्यायला लागले. असलेला डेटा 'नाही' म्हणून सांगितला जाऊ लागला. त्यांनी नंतर सगळं प्रांजळपणे लिहून जाहीर केलं, ते मुळातून वाचण्यासारखं आहे. ब्राझीलची नूबँक क्लोजर भाषा आणि डेटॉमिक डेटाबेसवर आहे, तीही धडधडीत चालतेय. तेव्हा कशावरही चालतं. ज्याच्या पोटात काय आहे हे तुमच्यापैकी कोणालातरी ठाऊक आहे, ते घ्या.

कुबरनेटिस पाचशे व्यवहारांसाठी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. (हलकेच घ्या, माझं पोट त्यावरच चालतं.)

सांगलीचा_आयटीवाला | मंगळवार, रात्री ९.२५

मी टेबलाच्या पलीकडचा, एका नागरी सहकारी बँकेच्या आयटीत. मुठाकाठीताई, तुम्ही सेकंदाला पाचशे पाठवाल हो, पण आमच्यासारख्यांनी ते घ्यायचे कसे? आमची बँक यूपीआयला थेट जोडलेली नाही, मोठ्या बँकेमार्फत आहे, आणि मधला स्विच (विनंत्या इकडून तिकडे पोचवणारा) बाहेरच्या सेवादाराचा. दिवसअखेरीला आमचं सीबीएस (खात्यांची मूळ प्रणाली) हळू होतं. अशा वेळी तुमच्या बाजूला टाइमआउट होतो, तुम्ही ग्राहकाला 'फेल' दाखवता, ग्राहक पुन्हा भरतो, आणि इकडे खात्यातून दोनदा गेलेले असतात. सकाळी शटर उघडायच्या आत माणसं दारात. शिव्या आम्ही खातो.

अक्कलखाते | मंगळवार, रात्री १०.००

सांगलीकरांचा प्रतिसाद साहेबांना छापून द्या.

टाइमआउट म्हणजे 'माहीत नाही'. फेल नव्हे. व्यवहाराच्या अवस्था किमान चार हव्यात: सुरू, प्रलंबित, यशस्वी, अयशस्वी. प्रलंबितमधून बाहेर काढायचा अधिकार फक्त पुढून आलेल्या ठाम उत्तराला नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या रिकन्सिलिएशनच्या (ताळमेळाच्या) फाइलला. यूपीआयचं ताळमेळाचं गणित रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात बांधून दिलंय. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे गेले पण पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत. व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांची पुष्टी आली नाही तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये ग्राहकाला, त्याने तक्रार केलेली नसली तरी. म्हणजे तुमची 'प्रलंबित' यादी ही थेट पैशाची देणी आहे. तिच्यासाठी वेगळा डॅशबोर्ड, वेगळा माणूस.

आता दुसरी बाजू. प्रलंबित आहे म्हणून दर दोन सेकंदांनी 'काय झालं, काय झालं' विचारत बसायचं नाही. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय देशभर कोलमडलं होतं, आठवतंय? शनिवार होता. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला जे सापडलं ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. बँकांकडून व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला होता, काही तर जुन्या व्यवहारांसाठीही परत परत विचारत होत्या. सर्व्हर कुठल्या भाषेतला होता हा मुद्दाच नव्हता, विचारणाऱ्यांनीच तो गुदमरवला. म्हणून २०२५ मध्येच नियम आला: पहिली विचारणा ९० सेकंदांनंतर, आणि दोन तासांत फार तर तीन. १ ऑगस्ट २०२५ पासून तर शिल्लक तपासण्यालाही एका ॲपमधून दिवसाला ५० ची मर्यादा आली.

तर पुन्हा प्रयत्नांमधलं अंतर वाढतं ठेवा, त्यात थोडा विस्कळीतपणा घाला म्हणजे सगळे एकदम दार ठोठावणार नाहीत, आणि समोरची बँक सलग चुकायला लागली की काही वेळ तिचा पर्याय पानावरच करडा करा. हे जावात, गोमध्ये, डॉट नेटमध्ये सारखंच लिहिता येतं.

आडवा_तिडवा | मंगळवार, रात्री १०.१८

यूपीआयचा एकूण आकडा किती हो सेकंदाला? हे पाचशे त्यापुढे किती?

अक्कलखाते | मंगळवार, रात्री १०.२६

ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा पार झाला. भागाकार केलात तर दिवसाला साधारण ६४ कोटी, सेकंदाला सरासरी साडेसात हजारांच्या आसपास. गर्दीच्या वेळी अर्थातच याहून बरेच जास्त. त्यापुढे तुमचे ५०० म्हणजे एका बऱ्या मशीनचं काम. दुसरं मशीन लागतं ते पहिलं मेलं तर म्हणून.

खटपट्या | मंगळवार, रात्री ११.०२

बरं, भाषेवरून माघार. पण नोड तरी नको म्हणा कोणीतरी. त्यात प्रत्येक आकडा फ्लोटच ना?

न्यूजर्सीकर | बुधवार, पहाटे ४.३०

पैसे पूर्णांकात ठेवले तर नोडमध्ये ९० लाख कोटी रुपयांपर्यंत आकडा अचूक राहतो. तेवढी फी कुठली शाळा घेत नाही, अजून तरी. घोळ होतो तो टक्केवारीत. सुविधा शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पूर्णांक करायचा नियम दोन सर्व्हिसमध्ये दोन. महिनाअखेरीला काही पैशांचा फरक, आणि ऑडिटर तेवढ्यासाठी फाइल अडवतो. जावाचा बिगडेसिमल किंवा डॉट नेटचा डेसिमल इथे सुखाचा. पण नियम एकाच ठिकाणी लिहिला असेल तर नोडही चालेल.

आणि आरआरएन, म्हणजे बँकेचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, आकडा म्हणून साठवू नका, मजकूर म्हणून साठवा. त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो. २०२० साली ते शून्याने सुरू व्हायचे. ज्यांनी बिगिंट (पूर्णांकाचा रकाना) वापरला होता त्यांचं शून्य गायब, आणि बँकेच्या फाइलशी एकही ओळ जुळेना. २०३० दूर नाही.

सांगलीचा_आयटीवाला | बुधवार, सकाळी १०.१५

आरआरएनवालं अगदी अगदी! एक्सेलमध्ये फाइल उघडून सेव्ह करणारेही त्यातच येतात.

सुरक्षेवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ चं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, ९४ कोटींचं. त्यात तांत्रिकदृष्ट्या काय झालं ते लक्षात ठेवा. एटीएममधून आलेली विनंती स्विचमार्फत सीबीएसला विचारून मंजूर व्हायची असते. हल्लेखोरांनी मधे आपलाच खोटा स्विच बसवला, तो परस्पर 'मंजूर' म्हणत राहिला, आणि क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांत पैसे निघत गेले. सीबीएसच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. नंतर स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून) आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले.

म्हणजे आतल्या दोन सर्व्हरमधलं बोलणंही सही केलेलं हवं, 'आपलंच नेटवर्क आहे' म्हणून मोकळं सोडायचं नाही. सहीच्या चाव्या एचएसएममध्ये (चाव्या जपणाऱ्या खास उपकरणात), कॉन्फिग फाइलमध्ये नव्हे. आणि स्विचच्या नोंदी व लेजर यांचा ताळमेळ रात्री एकदा न करता दर काही मिनिटांनी. तसा असता तर फरक पहिल्या काही मिनिटांतच दिसला असता, असं माझं मत.

शिवाय ३१ जुलै २०२४ ला छोट्या बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एजवर रॅन्समवेअर आलं तेव्हा सुमारे तीनशे छोट्या बँका एकदम यूपीआयबाहेर होत्या. सेवादार निवडताना त्याच्या शेजारी आणखी कोण बसलंय तेही विचारा.

जुनाजाणता | बुधवार, दुपारी ४.४०

डीआर, म्हणजे संकटकाळी चालवायची दुसरी जागा, त्याबद्दल दोन शब्द. मुंबई ते चेन्नई हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेतून प्रकाशाला जाऊन-येऊन दहा मिलिसेकंद लागणारच, प्रत्यक्षात त्याहून जास्त. म्हणून मोठे लोक तीन जागा ठेवतात: मुख्य, त्याच शहरात जवळची एक जिथे प्रत्येक कमिट पोचल्याशिवाय 'झालं' म्हणत नाहीत, आणि लांब दुसऱ्या भूकंपक्षेत्रात तिसरी, जी काही सेकंद मागे असली तरी चालते. ठाणेकरांनी सांगितलेला ५० चा आकडा यानेच टळतो. डेटा मात्र भारतातच, रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. क्लाउडवर असाल तर मुंबई आणि हैदराबाद, किंवा पुणे आणि चेन्नई, अशा जोड्या मिळतात.

पण जागा असून उपयोग नाही, तिकडे जाण्याचा निर्णय घेता आला पाहिजे. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई ११.४० ला थांबली ती पावणेचारला सुरू झाली. दूरसंचारच्या लिंक डळमळल्या आणि त्यातून क्लिअरिंगच्या जोखीम प्रणालीचं स्टोरेज अडकलं. व्यापार जुळवणारं मूळ इंजिन नव्हे, शेजारची जोखीम तपासणारी प्रणाली. त्या चार तासांत डीआरवर का गेले नाहीत यावर नंतर बरीच चर्चा झाली. तुमच्याकडे असा निर्णय रात्री साडेअकराला कोण घेणार, त्याचं नाव आणि फोन नंबर आधीच कागदावर हवा. दर तिमाहीला खरोखर तिकडे जाऊन एक दिवस धंदा करून परत यायचं.

मुठाकाठी | गुरुवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मीटिंग झाली. जावा आणि पोस्टग्रेस राहतंय, लेजर ठाणेकरांच्या पद्धतीने नोंदींचं होतंय. आर्किटेक्टना बँकांशी बोलणारा भाग गोमध्ये करायला दिलाय, तो वेगळा आहेच, त्यांचंही समाधान. डॉट नेटवाला रुसलाय.

एक शंका. प्रत्येक विनंतीला ग्राहक-संस्थेने दिलेला एक क्रमांक असतो, त्यावर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर नवा व्यवहार न होता जुनंच उत्तर जातं. व्यवहारांचं टेबल तारखेनुसार पार्टिशन करायला (तुकड्यांत वाटायला) घेतलं तर पोस्टग्रेस म्हणतो युनिक इंडेक्समध्ये तारीखही घाला. घालू का?

डीबीए_ठाणेकर | गुरुवार, रात्री १०.०८

अजिबात नको! तारीख घातलीत की तोच क्रमांक दुसऱ्या तारखेला चालून जाईल. पालकाने ११.५९ ला बटण दाबलं, नेटवर्क गेलं, ॲपने १२.०१ ला पुन्हा पाठवलं, तर तुमच्या लेखी तो नवा व्यवहार. आणि तुमची सगळी गर्दी नेमकी मध्यरात्रीच्या आसपासच.

विनंती-क्रमांकांचं छोटं टेबल वेगळं करा: संस्था, क्रमांक, व्यवहाराचा आयडी, वेळ. ते संस्था आणि क्रमांक यांच्या हॅशवर (त्यांच्यापासून काढलेल्या आकड्यावर) पार्टिशन करा, तारखेवर नाही, म्हणजे युनिक खरंच युनिक राहील. आधी तिथे नोंद, मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये व्यवहार आणि लेजर. जुन्या नोंदी महिनाभराने छोट्या छोट्या तुकड्यांत पुसा, एकदम पुसलंत तर व्हॅक्यूम (पुसलेल्या नोंदींची सफाई) सकाळपर्यंत धापा टाकेल.

मुठाकाठी | गुरुवार, रात्री १०.२१

महिनाभर पुरेल? एक शाळा बुडालेल्या व्यवहारांची यादी तिमाहीला एकदा पुन्हा पाठवते.

डीबीए_ठाणेकर | गुरुवार, रात्री १०.२५

मग सहा महिने ठेवा. आणि त्या शाळेशी एकदा बोला.